साच्यातून काढलेली मुंबई

आमच्या घराजवळच्या उड्डाणपुलाखाली एक चावीवाला बसायचा. मोडकी छत्री, लोखंडी पेटी, दोन कानशी आणि तारेत ओवलेला बिनकामाच्या किल्ल्यांचा जुडगा. तो जुडगा हाच त्याचा बोर्ड. दोनेक वर्षांपूर्वी पुलाचे खांब रंगवायला काढले तेव्हा त्याला उठवलं. आता त्याच्या खांबावर पांढऱ्या टोपीतला डबेवाला आहे. शेजारच्या खांबावर टोपलीवाली कोळीण, मग लोकल, मग क्रिकेट खेळणारी पोरं, आणि मग परत डबेवाला. तोच डबेवाला, तेच हसू. रंगाऱ्यांनी एकदाच साचा कापून घेतला होता. पत्रा खांबाला धरायचा, फवारा मारायचा, पत्रा उचलायचा, पुढचा खांब. खांबांभोवती आता जाळी बसवलीय. चावीवाला रस्त्यापलीकडे गटाराच्या झाकणावर बसतो.

माझं भांडण रंगाऱ्यांशी नाही. त्यांना फुटावर पैसे मिळतात, आणि सांगितलं तेच ते काढणार. भांडण आहे ते सांगणाऱ्याशी. शहराच्या पैशातून शहराचं चित्र काढायचं, तर ते कोणाचं, आणि कोणाला दिसावं म्हणून? मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये सुशोभीकरणाचा सुमारे सतराशे कोटींचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात भिंती रंगल्या, झाडांना दिव्यांच्या माळा लागल्या, पूल उजळले. त्याच वर्षी डिसेंबरात जी-२० चे पाहुणे आले, तेव्हा त्यांच्या वाटेवरच्या वस्त्यांपुढे पडदे उभे राहिले. त्याआधी २०१७ मध्ये घाटकोपरजवळ असल्फ्याच्या टेकडीवरची घरं रंगवली गेली होती. तो उपक्रम हौशी लोकांनी मनापासून केला होता आणि तिथल्या लोकांना आवडलाही होता. पण ते चित्र पूर्ण दिसतं मेट्रोच्या डब्यातून. टेकडीवर राहणाऱ्याला समोरच्याची एक निळी भिंत दिसते, बस्स. पडदा टाकणं आणि रंग टाकणं यांत फरक आहे हे मला मान्य आहे. पण दोन्ही ठिकाणी विचार येणाऱ्या-जाणाऱ्या डोळ्यांचाच झाला.

या सगळ्याचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. मुंबईकडे स्वतःचं खरंखुरं चित्र आहे. एका मराठी माणसाने ते जवळजवळ पन्नास वर्षं काढलं आहे. ते सोडून आपण खांबांवर साचे उमटवत बसलोय.

सुधीर पटवर्धन मूळचे पुण्याचे, जन्म १९४९ चा. सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, १९७३ च्या सुमारास मुंबईकडे आले आणि पुढची तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांनी काम केलं. चित्रकलेच्या कॉलेजात ते गेलेले नाहीत. दिवसा पेशंट आणि उरलेल्या वेळात कॅनव्हास, असं २००५ पर्यंत चाललं. त्यानंतर फक्त चित्रं. सुरुवातीच्या चित्रांत एकेकटा माणूस असतो, जाड हाडापेराचा, कॅनव्हास भरून उरणारा. १९७७ चं 'इराणी रेस्टॉरंट' त्या काळातलं. पुढे माणूस लहान होत गेला आणि शहर मोठं: १९८४ चं 'टाऊन', २००१ चं 'लोअर परळ'. या मोठ्या चित्रांत शहर एकाच जागी उभं राहून पाहिलेलं नसतं. रस्ता एका बाजूने वर चढतो, इमारती दुसऱ्याच कोनातून दिसतात, आणि आपण नक्की पुलावर आहोत की गच्चीत, हे ठरत नाही. चालत्या माणसाला शहर असंच दिसतं, तुकड्यातुकड्यांनी, मान वळवत. फोटोला ते जमत नाही.

ते रेडिओलॉजिस्ट, म्हणून माणसाच्या आतलं पाहतात, असं त्यांच्याबद्दल लिहायची एक पद्धत पडलीय. मला ते सोपं वाटतं आणि चुकीचंही. उलट त्यांच्या चित्रातल्या माणसाच्या मनात शिरायची घाई कुठेच दिसत नाही. खांदे कसे उतरलेत, मान कुठे वळलीय, हात रिकामा असताना कसा लोंबतोय, इथेच ते थांबतात. परक्याकडे पाहायची ही एक सभ्य रीत आहे. खांबावरचा डबेवाला मात्र आपल्याकडे बघून हसतो. रस्त्यात अनोळखी माणूस असा हसत राहिला तर आपण खिसा चाचपू.

२०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांच्या सगळ्या कारकिर्दीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं. मी बाबांना घेऊन गेलो. बाबा साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे. मागाला तिथे साचा म्हणतात. पोरवयात गिरणीत बदलीवर लागले, नंतर कायम झाले, दोन साचे सांभाळायचे ते पुढे चार. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर आली, त्यात तेही. नंतर गिरणीत परत गेलेच नाहीत. एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून निवृत्त झाले. चित्रांच्या प्रदर्शनाला ते त्याआधी कधी गेले नव्हते. 'तिथे काय बघायचं असतं?' हा त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला होता.

ज्याने साचे खात्यात आयुष्य काढलं त्याला ऐकू कमी येतं आणि तो मोठ्याने बोलतो. तिथल्या शांततेत बाबांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार. पहिली काही चित्रं त्यांनी पाहुण्यासारखी पाहिली. मग एका उभ्या माणसाच्या चित्रापुढे थांबले. मी नाव वाचून सांगायला पुढे झालो, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, 'ह्याची पाळी सुटलीय. आत्ताच सुटलीय.' मी विचारलं, कशावरून? म्हणाले, 'वजन बघ ना कुठल्या पायावर टाकलंय. डावा पाय विसाव्याला सोडलाय. भरलेल्या पायाचा माणूस असा उभा राहतो.' चित्रात गिरणी नव्हती, भोंगा नव्हता, घड्याळही नव्हतं. तो माणूस गिरणीतलाच होता का, हेही मला सांगता येणार नाही.

गिरणीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे. माणसं ओठांवरून, हातावरून, खांद्यावरून बोलायची. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्या टोकाला उभा राहिला तरी कसा उभा आहे त्यावरून कळायचं की आज कोणाची खैर नाही. धागा तुटला की साच्याआधी शेजारच्या साचेवाल्याच्या मानेवरून कळायचं. म्हणजे अंग वाचणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता, वर्षानुवर्षांचा, रोज आठ तासांचा. आणि 'सामान्य माणसाला चित्रातलं काय कळतं' असं आपण म्हणतो ते नेमकं या माणसांबद्दल. बाबांइतका तयार प्रेक्षक त्या दिवशी त्या इमारतीत दुसरा असेल असं मला वाटत नाही. मी स्वतः तर नक्कीच नव्हतो, मी नावांच्या पट्ट्या वाचत होतो.

सार्वजनिक कलेचा विषय निघाला की पहिला आक्षेप हाच येतो: लोकांना सोपं, रंगीत, हसरं लागतं, असली गंभीर चित्रं लावली तर कोणी बघणार नाही. हे ठरवलं कोणी? लोकांना दाखवून पाहिलं, आणि त्यांनी पाठ फिरवली, असं झालेलं नाही. आपण दाखवलंच नाही. पटवर्धनांनी स्वतः थोडं करून पाहिलं. आपण ज्यांची चित्रं काढतो ती माणसं ही चित्रं कुठे आणि कशी बघणार, हा त्यांचा जुना प्रश्न. मध्यमवर्गातला डॉक्टर कामगाराचं चित्र काढतो म्हणजे नक्की काय करतो, हेही त्यांनी स्वतःला विचारलं. २००८ च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन त्यांनी महाराष्ट्रातल्या शहरांतून नेलं, जिथे अशी चित्रं मुळातून कधी आली नव्हती तिथे. एका चित्रकाराने हे करावं आणि शासनाच्या कला खात्याने ते दरवर्षीचं काम म्हणून उचलू नये, याचं आपल्याला आश्चर्यसुद्धा वाटत नाही.

चित्रासाठी एका जागी जावं लागतं. चित्रपटाचं तसं नाही, तो गल्लीत येऊ शकतो. २००१ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांनी एक माहितीपट केला, नाव 'साचा'. पाऊण तासाच्या आसपासचा. एक कवी, एक चित्रकार आणि एक शहर. कवी नारायण सुर्वे, ज्यांना गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून घरी नेलं आणि आपलं नाव दिलं. चित्रकार पटवर्धन. आणि शहर तेच, ज्याच्या गिरण्या तोवर बंद पडत चालल्या होत्या आणि जमिनींचे भाव चढत होते. त्याच वर्षी विकास नियमावलीत बदल झाला आणि गिरण्यांच्या जमिनीतला कामगारांच्या घरांसाठीचा आणि मोकळ्या जागेसाठीचा वाटा आकसला. पटवर्धनांचं 'लोअर परळ' हेही २००१ चंच. एकाच वर्षात कागदावर शहर बदललं, कॅनव्हासवर नोंदलं गेलं आणि फिल्मवर साठवलं गेलं. यातला कागदावरचा बदल तेवढा सगळ्यांपर्यंत पोचला.

सुर्व्यांचा आवाज, त्यांची बोलायची ढब, पटवर्धनांची नजर आणि पडक्या गिरण्या हे एकत्र ठेवणं चित्राला एकट्याने जमलं नसतं. पण हा चित्रपट कुठे दाखवला जातो? महोत्सवात, विद्यापीठात, अभ्यासवर्गात. लालबाग-परळच्या एखाद्या मंडळाने गणपतीच्या दहा दिवसांत पडद्यावर लावला असेल तर मला आनंद होईल. मी तरी पाहिलेलं नाही. तिथे देखाव्यावर लाखांनी खर्च होतो. कधी अंतराळयान असतं, कधी केदारनाथ, कधी राजवाडा. ज्या चाळीत मंडप आहे त्या चाळीचा देखावा सहसा नसतो.

मराठीत हे नवं नाही. चित्रकाराने कॅमेरा हातात घेऊन शहराकडे पाहणं आपल्याकडे शंभर वर्षांचं जुनं आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे आधी चित्रकार आणि शिल्पकार. कॅमेरा विकत मिळेना तर त्यांनी घरी बनवला, आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. तोवर आपला मूकपट देवादिकांत आणि शिवकाळात रमला होता. इथे नायक कोण, तर सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी, आणि तो शेवटी शहरात जाऊन गिरणीत कामगार होतो. ती भूमिका व्ही. शांतारामांनी केली. आमच्या आजोबांचं आयुष्य याहून वेगळं नव्हतं. कोकणातली चार गुंठे जमीन आणि मुंबईतली गाळ्यात पथारी टाकण्याची जागा, यांच्यात त्यांचं सगळं गेलं. एका चित्रकाराने त्यांच्यासारख्याला गिरणीच्या दारात आणून सोडलं, आणि पंचाहत्तर वर्षांनी दुसऱ्याने त्याच गिरणीची धुराडी पडण्याच्या बेतात असताना रंगवली. हे दोन्ही मराठी, दोन्ही आपले. पण पोराटोरांना यातलं कुठल्या पुस्तकात सापडतं?

तय्यब मेहतांची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगण्यासारखी आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या भागात वाढलेला मुलगा, ज्याने ऐन फाळणीच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर एका माणसाला जमावाने मारताना पाहिलं आणि जन्मभर ते विसरला नाही. फिल्मच्या संकलनाचं काम त्यांनी केलं, जे. जे. त शिकले, चित्रकार झाले. १९७० मध्ये केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी 'कूडल' नावाचा सोळा मिनिटांचा लघुपट केला. त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातला बैल आहे. हा पाय बांधलेला बैल त्यांच्या चित्रांत आधीपासून होता. १९५६ चं त्यांचं तसंच एक चित्र एप्रिल २०२५ मध्ये लिलावात जवळपास ६२ कोटींना गेलं. बातमी किमतीची झाली. वांद्र्याचा कत्तलखाना कुठे होता हे त्या बातमीत कोणी विचारलं नाही. आता ते चित्र ज्याने घेतलं त्याचं आहे, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण 'कूडल' तुमच्याआमच्या पैशातून झाला होता. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तरी तो ठेवा सार्वजनिकच राहतो. मग मुंबईतल्या मुलाला मुंबईवरचे असे लघुपट शाळेत एकदा तरी का दिसू नयेत?

आता दुसरा आक्षेप, जो मला स्वतःलाच जास्त छळतो. समजा लावली चित्रं. लोक बघतील? क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या, दारावर १८६९ पासून कष्टकऱ्यांची उठावाची शिल्पं आहेत, लॉकवूड किपलिंगने केलेली. ऊन-पावसात, फुकट, सगळ्यांसाठी. त्यांच्याखालून मी शेकडो वेळा पिशव्या घेऊन गेलो असेन आणि ती शिल्पं आहेत हे मला चाळिशीत कळलं. तेव्हा नुसतं भिंतीला टांगून भागत नाही, हे खरं. मंडईत माणूस वर बघत नाही, कारण त्याचं लक्ष पाकिटाकडे असतं. जागा अशी हवी जिथे माणसाला थांबावंच लागतं.

पहिल्यांदा माझ्या मनात स्टेशनचे पूल आले होते. ते मी खोडलं. अरुंद जिन्यावर थांबणं म्हणजे काय, हे एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीने २०१७ मध्ये दाखवलंय. पूल मोकळेच बरे. पण वॉर्ड ऑफिसातले रांगेचे हॉल आहेत, एसटीचे डेपो आहेत, महापालिकेच्या शाळांचे जिने आहेत. मूळ कॅनव्हास तिथे लावा असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. ओल आणि चोरी दोन्ही आहे. पण उत्तम प्रतीची छापील प्रत, चित्रकाराला रीतसर मानधन देऊन, मोठ्या आकारात लावता येते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे वीस फुटी फ्लेक्स एका रात्रीत छापून चौकात उभे राहतात. त्या वेळी लोकांना ते कळेल का, असा प्रश्न कोणाला पडत नाही. पटवर्धनांचं 'मुंबई प्रोव्हर्ब्ज' हे २०१४ चं सात भागांचं चित्र मुंबईचा प्रवासच मांडतं. ते एका उद्योगसमूहाने करून घेतलं, हे चांगलंच झालं. पण गिरण्यांच्या काळापासून पुढची मुंबई एका भिंतीवर मावते, तर ती भिंत महापालिकेला परवडत नव्हती असं म्हणायचं का?

संग्रहालयं हवीतच, त्यांना पर्याय नाही. पण ती साधारण ऑफिसच्या वेळेत उघडी असतात आणि काही सोमवारी बंद. ज्याची सुट्टी सोमवारी आणि सुटायची वेळ रात्री आठ, अशा माणसाचं चित्र आत लावलंय आणि तोच आत येऊ शकत नाही. आठवड्यातून एक दिवस रात्री दहापर्यंत दारं उघडी ठेवायला नवा कायदा लागत नाही.

आणखी एक. अशी चित्रं लावली तर ती सुंदरच असतील असं नाही. पटवर्धनांच्या शहरात दंगल आहे, संशय आहे, उपसलेली जमीन आहे, घरात एकटी बसलेली म्हातारी माणसं आहेत. पर्यटन खात्याला ती चालणार नाहीत. कोणी तरी नगरसेवक म्हणेल, आमच्या वॉर्डाची बदनामी होते. होऊ दे म्हटलं तर वाद होईल, आणि खांबावरच्या डबेवाल्याबद्दल आजवर कोणी वाद घातलेला नाही. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाहीच. तो कोणाचा बाप नाही, त्याचे पाय भरत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो होतो. रांग मोठी. लाकडी बाकावर आम्ही सव्वादोन तास बसलो. बाबांच्या एका बाजूला हमाल होता, हाताला फ्रॅक्चर. दुसऱ्या बाजूला नातवाला घेऊन आलेली आजी. समोर भिंत, चांगली पंधरा फूट रुंद, खाली तपकिरी आणि वर फिकट पिवळी. तिच्यावर दोनच गोष्टी होत्या, दरपत्रक आणि 'येथे थुंकू नये'. सगळे त्या भिंतीकडे बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. बाबांनी दरपत्रक दोनदा मोठ्याने वाचलं, हमालाने त्यांना एका ओळीत दुरुस्त केलं, आणि मग दोघं मिळून वरच्या पिवळ्या रंगात ओल कुठून आली असेल याचा शोध घेत बसले.